दम खाऊ दे त्याले

पाऊस उघडून दोन दिवस झाले होते, तरी वावरात पाय टाकवत नव्हता. राळेगावची काळी माती भिजली की तिची माया फार वाढते. पहिल्या दहा पावलांतच चपलेला गारा चिकटतो, त्या गाऱ्याला पुढचा गारा, आणि पराटीच्या तिसऱ्या तासापर्यंत पोचेस्तोवर पाय उचलता उचलत नाही. लहानपणी मला वाटायचं, मी हलका, काकांच्या आधी पोचेन. काका सावकाश पावलं टाकत पार पुढे निघून जायचे आणि मी एकेक पाय उपसत मागे राहायचो.

पुढे रसायनशास्त्र शिकताना तो गारा आठवला. लिथियमचा आयन सोडियम आणि पोटॅशियमच्या आयनांपेक्षा लहान. पाण्यात मात्र तिघांत सगळ्यांत हळू तोच सरकतो. इवल्याशा अंगात त्याचा विद्युतभार दाटलेला असतो. त्या जोरावर तो भोवतीचे पाण्याचे रेणू घट्ट धरून ठेवतो आणि जाईल तिथे ते लटांबर ओढत नेतो. १८३४ मध्ये फॅरडेने ‘आयन’ हा शब्द रूढ केला, तो ग्रीकमधल्या ‘जाणारा’ या अर्थाच्या शब्दावरून. तो शब्द उच्चारला की मला आजही गाऱ्याने माखलेले दोन पाय दिसतात.

त्या दिवशी फवारणी चालली होती. काकांच्या पाठीवर पंप, पंपाच्या बुडाशी विटेएवढी १२ व्होल्टची शिशाची बॅटरी. तोंडाला मास्क बांधल्याशिवाय मी त्यांना पंप उचलू देत नाही. २०१७ साली याच जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली. ते वर्ष आमच्याकडे कोणी विसरलेलं नाही. दुपारी मोटारीचा आवाज बसला, फवारा गळून थेंबांवर आला. मी म्हटलं, बॅटरी संपली, घरी जाऊ.

“थांब,” काका म्हणाले, “दम खाऊ दे त्याले.”

धुऱ्यावरच्या कडुनिंबाखाली बसलो. काका काडीने चपलेचा गारा खरवडू लागले.

ते सहज बोलले, पण बॅटरीच्या पोटात खरोखर तेच चाललेलं असतं. शिशाच्या पट्ट्यांवरचा थर स्पंजासारखा सच्छिद्र असतो आणि त्या बारीक छिद्रांत गंधकाम्ल भिनलेलं असतं. मोटार वीज ओढते तसं छिद्रांतलं आम्ल खर्ची पडतं, तिथे जवळजवळ पाणीच उरतं. दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत आम्ल अजून शिल्लक असतं; ते आतपर्यंत पोचलेलं नसतं एवढंच. मोटार थांबली की आयन हळूहळू त्या छिद्रांत उतरतात.

मग आम्ल आणखी घट्ट का करू नये? मीही एकदा असंच विचारलं होतं. गंधकाम्लातून वीज सर्वांत चांगली वाहते ती साधारण ३० टक्क्यांच्या आसपास. त्यापुढे द्रव दाट होत जातो, विरुद्ध भाराचे आयन एकमेकांत अडकू लागतात. कापसाच्या हंगामात खरेदीच्या दारात गाड्या वाढत जाव्यात आणि एका वेळेनंतर एकही गाडी हलू नये, तसं. मोबाइलच्या लिथियम बॅटरीतही मीठ लिटरला एक मोलच्या आसपासच ठेवतात, ते यासाठीच.

पण खरी नवलाई त्या गर्दीच्याही पलीकडे आहे, आणि ती वाचली त्या रात्री मला झोप लागली नव्हती. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँडच्या संशोधकांनी एक किलो पाण्यात सुमारे सहा किलो लिथियमचं मीठ विरघळवलं. पाण्यात मीठ म्हणावं की मिठात पाणी! प्रत्येक आयनाला गुंडाळायला पुरेल इतकं पाणीच तिथे उरत नाही. २०१८ मध्ये जपानमधल्या योकोहामाच्या प्रयोगशाळेने सल्फोलेन नावाच्या द्रवात अशीच दाटी केली, आणि लिथियम तिथे जुने सोबती सोडून शेजारचे नवे धरत, उड्या घेत पुढे जाताना आढळला. लटांबर ओढत नेणं सुटलं. घराच्या स्लॅबवर घमेलं हातोहात जातं, माणसं जागची हलत नाहीत, आणि तरी काँक्रीट वर पोचतं; इथे हात जागेवर, घमेलं पुढे. पाण्यातल्या विजेचं असंच काहीसं चित्र ग्रोटहुस या संशोधकाने १८०६ मध्येच मांडलं होतं, आयन हा शब्दही नव्हता तेव्हा. हायड्रोजनचा भार पाण्यात इतका चपळ का, याच्या उत्तराला आजही त्याचंच नाव देतात. आमच्या बॅटरीतल्या आम्लातही तो भार असाच एका रेणूकडून दुसऱ्याकडे सोपवला जात असणार, या विचाराने मी त्या विटेवर हात ठेवला. ती कोमट होती.

सावली बरीच सरकली होती. काकांनी चपला घातल्या, मास्क वर ओढला, पाठीवर पंप घेतला आणि बटण दाबलं. मोटार क्षणभर घरघरली, मग आवाज चढला आणि नळीच्या तोंडाशी पांढरं धुकं उभं राहिलं.

“चार तास होतेत,” ते म्हणाले, आणि गाऱ्यात उतरले.