आमच्या चर्चचा सण, मराठीतला

बंगळुरूच्या ऑफिसात माझं आडनाव ऐकलं की हमखास प्रश्न येतो, "घरी कोंकणी बोलता का?" तुम्हालाही कदाचित तसंच वाटलं असतं. पण आम्ही वसईचे. घरात सामवेदी बोली, जिला कादोडीही म्हणतात, आणि चर्चमध्ये मराठी. मिस्सा, गायनं, फादरांचं प्रवचन, सगळं मराठीत. पूर्वी मिस्सा लॅटिनमध्ये असे. १९६२ ते ६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लोकांच्या भाषा आल्या. माझ्या आजीला लॅटिन उत्तरं अजून पाठ आहेत, पण आपण काय म्हणत होतो ते तिला मराठीतच कळलं.

ज्या संताच्या नावाचं चर्च, त्याचा सण हा आमच्या धर्मग्रामाचा सर्वांत मोठा दिवस. आधी नऊ दिवस नोव्हेना, रोज एका विभागाकडे जबाबदारी. चर्च आणि शाळा एकाच आवारात, त्यामुळे सण म्हटला की शाळा आलीच. नववी-दहावीची मुलं बाकं मैदानात आणून मांडतात. एखाद्या वर्गात नकाशाखाली चहाचं पिंप बसतं, शेजारच्या वर्गात गायकवृंदाचा सराव. स्वागतनृत्यातल्या निम्म्या मुली कॅथलिक नसतात, आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. दिव्यांच्या माळा लावताना शिडी कुणी धरायची यावर मात्र दरवर्षी भांडण. ते झालं नाही तर सण आला असं वाटतच नाही.

आता मुलं इंग्रजी माध्यमात शिकतात. कुणाला बोलणार? मी स्वतः बी.ए. इंग्लिश, पोट भरते तेही इंग्रजी मजकुरावर. पण गेल्या वर्षी नोव्हेनाच्या आधी शेजारच्या काकूंचा व्हॉट्सॲपवर निरोप आला, "बाय, पोरीला पहिलं वाचन मिळालंय. इंग्रजी अक्षरांत लिहून पाठव ना. मराठी बोलते ती फडाफडा, पण वाचताना अक्षर लावत बसते."

मी पाठवलं. पोरीने सरावाचा व्हॉइस मेसेज धाडला. त्यात 'काळ'चा 'काल' झाला होता, 'दान'चा 'डान'. रोमन लिपीत 'ळ' कुठून आणणार? मग मीच सगळं वाचून रेकॉर्ड केलं आणि तिने ऐकून ऐकून पाठ केलं. सणात छान वाचलं. कागद हातात होता, नजर समोर.

त्यानंतरच्या सभेत कुणीतरी सुचवलं की मुलांसाठी नोव्हेनाची एक मिस्सा इंग्रजीत ठेवू या. सूचना वाईट हेतूने नव्हती. वसईत आता देशभरातून आलेली माणसं राहतात, त्यांच्यासाठी रविवारी इंग्रजी मिस्सा असावीच. पण सणाला लाल लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसणाऱ्या आजीने नातीचं वाचन ऐकायचं, आणि तेच तिला कळू नये? फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज. त्याने मराठीत 'ख्रिस्तपुराण' रचलं, ते १६१६ साली छापलं गेलं. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते आमच्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, तेव्हा आमचा टीव्ही तीन दिवस बंद झाला नव्हता. एवढं असूनही अडतं कुठे, तर बारा वर्षांच्या मुलीच्या 'ळ'पाशी.

ती सूचना तूर्त पुढे ढकलली आहे, पुन्हा येईल. दरम्यान शनिवारी संध्याकाळी मी आणि ती मुलगी व्हिडिओ कॉलवर अर्धा तास मराठी वाचतो. कधी बातम्या, कधी तिच्या आवडीच्या पाककृती. अर्ध्या वेळा नेटवर्कच जातं.

यंदाच्या वाचनासाठी तिने रोमन प्रत मागितली नाही. "देवनागरीच पाठव, पण अक्षर मोठं कर," म्हणाली. एकाच शब्दाचा आवाज मागितला, 'थेस्सलनीकाकरांस'. तो मलाही तीनदा रेकॉर्ड करावा लागला.