सवलत मुदतीत द्यावी, हकात नाही

न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला की घरात पेढे वाटले जातात. पण निकाल असतो कागदावर; हक हातात पडायचा बाकीच असतो. आपल्याकडे दिवाणी हुकूमनाम्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून पुन्हा न्यायालयातच अर्ज करावा लागतो. कोर्टात त्याला ‘दरखास्त’ म्हणतात. उर्दूत दरख्वास्त म्हणजे विनंती. दोन्ही भाषा शिकवणाऱ्या आम्हाला हे नेहमी खटकते : जिंकलेल्यानेच पुन्हा विनंती करायची!

हे दुखणे फक्त आपले नाही. ग्रीसच्या ऱ्होड्स बेटावर इंग्रजी शिकवणाऱ्या एका ब्रिटिश दाम्पत्याला खासगी वर्ग काढायचे होते. परवानगी फक्त ग्रीक नागरिकांना, असे सांगून ती नाकारली गेली. १९८९ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने तो नकार रद्द केला. तरीही पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासन हलले नाही. अखेर त्यांची तक्रार फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेली. १९९७ मध्ये त्या न्यायालयाने सांगितले की निकालाची अंमलबजावणी हा न्यायदानाचाच भाग आहे. ती झाली नाही तर न्यायालयात जाण्याच्या हक्काला अर्थ उरत नाही.

दुसरे प्रकरण रशियाचे. चेर्नोबिलच्या मदतकार्यात किरणोत्सर्गाची बाधा झालेल्या एका माणसाला स्थानिक न्यायालयाने भरपाई मंजूर केली. पैसे नाहीत, या कारणावर ती रखडली. २००२ मध्ये स्ट्रासबर्गने ठणकावले की निधी नाही ही सबब सरकारला चालणार नाही. त्याच माणसाला पुन्हा दाद मागावी लागली. तेव्हा १५ जानेवारी २००९ च्या निकालात, त्या तारखेपूर्वी दाखल झालेल्या अशाच इतर तक्रारदारांनाही वर्षभरात भरपाई देण्यास रशियाला सांगितले गेले.

अशा कितीतरी तक्रारी तिथे सुलहनेही मिटतात. बोलणी गुप्त राहतात. सरकार साधारणपणे मूळ रक्कम चुकती करण्याचे आणि झालेल्या त्रासाबद्दल काही वेगळी रक्कम देण्याचे लिहून देते. तक्रारदार तक्रार मागे घेतो. पण दोघांचे जमले एवढ्यावर न्यायालय समाधान मानत नाही. तडजोडीत मानवी हक्कांचा मान राखला गेला का, हे तपासूनच ते प्रकरण बंद करते. रकमेसाठी सहसा तीन महिन्यांची मुदत असते, उशीर झाला तर व्याज लागते. शब्द पाळला नाही तर प्रकरण पुन्हा पटावर घेता येते.

हे सगळे आम्ही वाचले ते गरजेपोटी. आम्ही सहा शिक्षकांनी वेतनातल्या फरकाचा दावा जिंकला आहे. पैसे मात्र आलेले नाहीत. आता व्यवस्थापनाचा निरोप आहे : अर्धे घ्या आणि मिटवा. मानवी हक्क आयोगाचा विचारही मनात आला. पण नोकरीविषयक तक्रारी राष्ट्रीय आयोग सहसा घेत नाही, आणि वर्षापूर्वीच्या घटनेची चौकशी त्याला कायद्याने करता येत नाही. आमचा रस्ता न्यायालयाचाच.

आमच्यातले एक सर निवृत्त झाले आहेत. मुलीचे लग्न तोंडावर आहे. ते म्हणाले, “अर्धे तर अर्धे, पण आज द्या.” त्यांना कोणत्या तोंडाने नाही म्हणायचे? ज्याची गरज मोठी तोच हक सोडायला आधी तयार होतो, आणि समोरच्याला हे पक्के ठाऊक असते.

बराच वेळ बोलून आम्ही एकमताने उत्तर लिहिले. पूर्ण रक्कम मान्य करा. हप्ते पाडा, आम्ही थांबू. पण पहिला हप्ता निवृत्त सरांना द्या, आणि तोही त्यांच्या पूर्ण रकमेचा. प्रत्येक हप्त्याची तारीख लिहा. चुकलात तर दरखास्त दाखल करण्याचा आमचा हक शाबूत राहील, हेही लिहा. सारे न्यायालयापुढे नोंदवा.

सुलह चांगलीच. पण पोटगी असो, मेहर असो की पगार, कबूल झालेली रक्कम ही कुणाची मेहरबानी नाही. वाचक भगिनींनो आणि बंधूंनो, तुमच्या घरात असा निकाल पडून असेल तर त्याची तारीख आजच पाहा. हुकूमनाम्याच्या दरखास्तीला साधारणपणे बारा वर्षांची मुदत असते, आणि अवमान याचिकेला फक्त एक वर्षाची.