तुटलेल्या बोल्टचं तोंड

लोखंड कशानं मोडलं हे लोखंडच सांगतं. मी ते वाचायला शिकलो कोल्हापूरच्या उद्यमनगरात, काकांच्या लेथवर. शेतकरी डिझेल इंजिनाचे मोडके स्टड घेऊन यायचे. काका आधी तुकडा उजेडात धरायचे. मोडलेलं तोंड सगळीकडे खरबरीत असेल तर एकदम झटका बसलेला. ओसरत्या पाण्यानं काठावर सोडाव्यात तशा रेघा दिसल्या, की तो कित्येक दिवस आतून चिरत आलेला. मग "बाकीचे नट ढिले हुते काय रं?" हे विचारल्याशिवाय ते नवा स्टड करायला घेत नसत.

पुढं पॉलिटेक्निकात याच रेघा भिंगाखाली पाहिल्या, आणि परवा माझ्याच गाडीत. टर्बोच्या आधाराच्या ब्रॅकेटचा बोल्ट तुटला होता. टर्बो एक्झॉस्ट मॅनिफोल्डला टांगलेला असतो. चढावर त्यात शिरणारा धूर 700 अंशांच्या घरात, आतलं चाक मिनिटाला लाखभर फेरे घेणारं. टर्बोचं वजन आणि थरथर एकट्या मॅनिफोल्डवर येऊ नये, म्हणून हा ब्रॅकेट. गॅरेजमधला पोरगा म्हणाला, "त्याच्याबिगर बी चालतंय की, साहेब." चालतं, हे खरं आहे. पण मग तो भार मॅनिफोल्डवर येतो, आणि त्याच्या बिडाला चीर गेली की खर्च कितीतरी पटींनी वाढतो.

मिस्त्री जुने होते. बोल्टचा बुडखा ब्लॉकमध्ये अडकलेला. असा बुडखा उलटा फिरवून काढायचा ईझी-आउट त्यांनी लावलाच नाही, आणि मला ते फार पटलं: ते हत्यार इतकं कडक असतं, की आत मोडलं तर साधा ड्रिल त्याला कापत नाही. रात्रभर गंज सोडवणारं तेल मुरवलं, सकाळी बुडख्यावर नट ठेवून वेल्डिंग केलं आणि पान्यानं थोडं पुढं, थोडं मागं असं करत तो सोडवला. मग टॅप फिरवून आटे साफ केले.

तोंडावर रेघा होत्याच. कारणही सापडलं. मागं कुणीतरी ब्रॅकेट आधी आवळून टर्बो त्याकडे ओढून बसवला होता. भोकं जुळत नव्हती, म्हणजे बोल्ट पहिल्या दिवसापासून ताणाखाली होता.

तुमच्या गाडीचा टर्बो उतरवला असेल, तर ब्रॅकेट परत बसवूनच घ्या. सगळे बोल्ट आधी हातानं लावायला सांगा, मग टर्बोचे नट आवळायचे आणि ब्रॅकेट शेवटी, टॉर्क रेंचनं. आणि तुटलेला तुकडा टाकून देऊ नका, मिस्त्रींना दाखवा.