पन्हळीतले सोने

नोकरीची बत्तीस वर्षे मी पाटबंधारे खात्यात काढली. ओव्हरसीअर म्हणून लागलो आणि निवृत्त झालो तोवर हुद्द्याचे नाव बदलले होते. काम मात्र तेच होते. पाणी वरून खाली नीट जाते की नाही ते पाहायचे. त्यातली पुष्कळ वर्षे धुळे जिल्ह्यात, पांझरेच्या काठी गेली. तिथली फडपद्धत फार जुनी. नदीला बुटका दगडी बंधारा घालायचा, पाण्याची पातळी थोडी उचलायची आणि पाटाने ते शेतात न्यायचे. पंप नाही, इंजिन नाही, नुसता उतार. खात्याच्या पुस्तकांपेक्षा मला तिथल्या पाटकऱ्यांनीच जास्त शिकवले. पण ही विद्या पुढे कधी सोने काढायला, आणि तेही कॅलिफोर्नियात, कामी येईल असे कोणी सांगितले असते तर मी त्याला वेड्यात काढले असते.

२०२३ च्या ऑगस्टात आम्ही उभयता मुलाकडे गेलो होतो. तो १९९४ साली शिकायला म्हणून गेला आणि तिथलाच झाला. जाताना त्याच्या तिकिटासाठी आणि पहिल्या फीसाठी हिच्या चार पाटल्या विकाव्या लागल्या. सराफाकडे मीच घेऊन गेलो होतो. हिने हातातून काढून दिल्या खऱ्या. पण मी तिला विचारले नव्हते, ठरवून सांगितले होते. मुलाला नोकरी लागल्यापासून तो दर भेटीत म्हणतो, "आई, तुझ्या पाटल्या करून टाकू या." आणि ही दर भेटीत म्हणते, "आता हाताला वजन सोसत नाही रे." तो गप्प बसतो. मीही वर्तमानपत्र उघडतो.

नातू बारा वर्षांचा. शाळेत त्याला सोन्याच्या शोधाचा इतिहास शिकवलेला. २४ जानेवारी १८४८ रोजी कोलोमा येथे लाकूड कापण्याच्या गिरणीच्या पाटात जेम्स मार्शल नावाच्या माणसाला सोन्याचे कण दिसले आणि साऱ्या जगाने तिकडे धाव घेतली. आम्ही ती जागा पाहिली. मार्शलचा पुतळा बोट दाखवीत उभा आहे. बिचारा स्वतः मात्र १८८५ साली दारिद्र्यातच वारला. सोने सापडले तेही पाटातच, हे ऐकून मला उगीचच अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी सिएरा नेवाडाच्या पायथ्याशी एका ओढ्यावर गेलो. हातानेच काम करायचे, यंत्र लावायचे नाही, अशी तिथे परवानगी होती. नातवाची अॅल्युमिनियमची पन्हळ होती, चार फूट लांब आणि फूटभर रुंद. तिच्या तळाला खरखरीत गालिचा आणि त्यावर आडव्या पट्ट्या. वरून वाळू टाकायची. पाणी हलकी वाळू वाहून नेते आणि जड सोने पट्ट्यांमागे बसते. वाळू पाण्याच्या अडीचपट जड, तर सोने एकोणीसपट. सारी करामत एवढ्या फरकावर चालते.

पण चालेना! ऑगस्टातला ओढा तो. सहा फुटांत पसरलेले पाणी जेमतेम चार बोटे खोल. पन्हळीत टाकलेली वाळू तिथेच बसे. पट्ट्या बुजून गेल्या. ही काठावर थर्मास घेऊन बसली होती. म्हणाली, "आपल्याकडे सराफकट्ट्यातली धूळ धुणारे झारेकरी असतात, त्यांना तरी बोलवा!"

मुलाने पन्हळीचे तोंड चांगले उंच केले. आता पाणी घसरगुंडीसारखे सुटले आणि पट्ट्यांमागे काहीच उरेना, सगळे धुऊन साफ. तो चिडला. मुलाच्या घरी सल्ला द्यायचा नाही असा नियम मी विमानातच स्वतःला घालून घेतला होता. पाच मिनिटे मी तो पाळला. मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात उतरलो.

"अरे, उतार नंतर. आधी पाणी तर गोळा कर!"

"बाबा, तुम्ही घसराल."

"मी पांझरेत घसरलो नाही, इथे काय घसरतो!"

दोन्ही काठांपासून मध्यापर्यंत दगडांच्या दोन तिरक्या ओळी रचायला सांगितल्या, नाकाडात तेल ओतायच्या नरसाळ्यासारख्या. मधल्या फूटभर तोंडात पन्हळ. सहा फुटांतले पाणी एका फुटातून जायचे म्हणजे ते उंच तरी होणार नाही तर वेगाने तरी जाणार, बहुधा दोन्ही. दगडांच्या फटींतून पाणी पळत होते, म्हणून वरच्या अंगाला प्लॅस्टिकचा कागद अंथरून त्यावर रेती दाबली. बघता बघता बांधामागे पाणी वीतभर चढले. नातू ओरडला, "आजोबा, डॅम!" मी म्हटले, "बंधारा म्हण."

मग उतार. फुटाला साधारण एक इंच धरला. पन्हळीच्या शेपटाशी रेतीचा ढीग साचून पाणी मागे तुंबत होते. तो फावड्याने सारखा ओढायला नातवाला बसवले. वाळू बादलीने ओतायची नाही, मुठीमुठीने सोडायची, हेही ठरले. मुलाने पाच शिशाचे छर्रे आणले होते. ते वाळूत मिसळून सोडले आणि शेपटाशी परात धरली. पहिल्या खेपेस दोन छर्रे परातीत आले. उतार बोटभर कमी केला. दुसऱ्या खेपेस पाचही वरच्या पट्ट्यांत अडकले. शिसे थांबले, तर त्याहून जड असलेले सोने थांबणारच. पट्ट्यांची डोकी उघडी आणि त्यांच्यामागे वाळू पाण्यात नाचते आहे, असे दिसले की पाणी जमले म्हणावे.

दगड उचलता उचलता मुलगा बोलू लागला. पूर्वी इथे लोकांनी पाण्याच्या प्रचंड झोतांनी डोंगरच्या डोंगर कापले, गाळाने खालची शेते बुडाली, शेवटी १८८४ साली न्यायालयाने ते बंद पाडले. त्यांनी सोने धरायला वापरलेला पारा अजून नद्यांत सापडतो. मग थोडे थांबून म्हणाला, "बाबा, पाटल्या विकल्या त्या रात्री आई रडली होती. मी जागा होतो."

मला ते ठाऊक नव्हते. मी हातातला दगड बांधावर ठेवला आणि पुढचा उचलला.

संध्याकाळी गालिचा धुतला. काळी वाळू परातीत घेऊन नातवाने हलक्या हाताने फिरवली. कडेला पिवळे ठिपके चमकले. मोजून सात. सगळे मिळून मोहरीएवढेही नव्हते. त्याने ते पाणी भरलेल्या छोट्या कुपीत टाकले आणि तिच्यासमोर उभा राहून विचारले, "आजी, तुला हवंय? का मी ठेवू?"

मला वाटले, नेहमीसारखी नको म्हणेल. ती म्हणाली, "दे."

निघण्यापूर्वी आम्ही बांध मोडला, दगड होते तिथे टाकले. ओढा पुन्हा पसरला.

ती कुपी आता आमच्या देव्हाऱ्यात असते. त्या वर्षी धनत्रयोदशीला ही तिच्यावर हळदकुंकू वाहत असता मी मागे जाऊन उभा राहिलो. म्हटले, "पाटल्या करायच्या का गं? तुला हव्या असतील तरच."

तिने वळून पाहिले. "एकोणतीस वर्षांनी विचारताय होय!" म्हणाली. मग निरांजनाची वात पुढे सरकवता सरकवता म्हणाली, "चार नकोत. दोन करा. आणि घडवायला टाकाल तेव्हा मला बरोबर घेऊन चला."