मी तोटी मोडली



आज मी माझीच चूक सांगणार आहे. लिहू की नको, असे चार दिवस चालले होते. आई म्हणाली, "करताना लाजला नाहीस, मग सांगताना कशाला लाजतोस?" म्हणून लिहितो.

मागच्या महिन्यात मधल्या सुट्टीत मी तोटीवर पाय देऊन हात धुवायच्या टाकीवर चढलो. तोटी काडकन मोडली. सगळे पाणी वाहून गेले. मी गुपचूप वर्गात येऊन बसलो. तिसऱ्या दिवशी गुरुजींनी विचारले, तेव्हा सगळ्यांनी चौथीतल्या एका मुलाकडे बघितले. तो नेहमी खोड्या करतो ना! तो रडायला लागला. मग मला राहवेना. मी उभा राहिलो आणि छडीसाठी हात पुढे केला.

गुरुजी म्हणाले, "हात खाली घे. गोल करा." गुरुजीसुद्धा आमच्यात सतरंजीवर बसले. त्यांनी तीनच प्रश्न विचारले. काय झालं? कोणाला त्रास झाला? आता नीट कसं करायचं?

खिचडी शिजवणाऱ्या मावशी म्हणाल्या, "दोन दिस हापशावरनं हंडे आणले बाबा. कंबर धरली माझी." चौथीतला मुलगा म्हणाला, "काही झालं की माझंच नाव येतं." तेव्हा वाटले, छडी बसली असती तर बरे झाले असते!

वडिलांनी नवी तोटी आणली, पान्याने मी बसवली. आठवडाभर मावशींचे हंडे मी भरले. त्या मुलाची सर्वांसमोर माफी मागितली. तो अजून माझ्याशी मोकळा बोलत नाही. पण परवा त्याने मला विटीदांडूत घेतले.

गुरुजींनी आम्हाला गांधीजींची गोष्ट सांगितली. दक्षिण आफ्रिकेत टॉल्स्टॉय फार्मवर त्यांनी एकदा एका मुलाला रूळ मारला. मारताना ते स्वतःच थरथरले. त्याचा पश्चात्ताप त्यांनी आत्मचरित्रात लिहिला आहे. म्हणजे मारणाऱ्यालाही लागते तर! आता २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही शाळेत मारायला आणि मानसिक त्रास द्यायला बंदी आहे.

एकदा गोलात दुसरीतली मुलगी म्हणाली, "गुरुजी, तुम्ही ओरडता तेव्हा पोटात गोळा येतो." गुरुजी गप्प झाले. मग म्हणाले, "माझं चुकलं." गुरुजींना असे म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकले.

शाळेतली भांडणे संपली असे नाही. गोलात कधी गणिताचा तास जातो, कोणी खुदुखुदु हसतेही. पण चूक लपवणारे कमी झाले. गुरुजी म्हणतात, "पूर्वी ओरडून घसा बसायचा आणि घरी जेवण गोड लागायचं नाही. आता तसं होत नाही."

पालकहो, तुम्ही शाळेत आलात की म्हणता, "गुरुजी, दोन लावा याला." तसे म्हणू नका. एकदा आमच्या गोलात येऊन बसा. सतरंजी मोठी आहे.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी