चिकटा

हॉटेलच्या भटारखान्यात धुराच्या डक्टच्या सफाईचं काम संपलं की मालक आधी हूड बघतो. स्टील चकचकीत दिसलं की त्याचं समाधान होतं. मला मात्र त्याला शिडीवर चढवून पहिल्या एल्बोपाशी न्यावंसं वाटतं. कढईतून उठलेला तेलकट धूर वर जाता जाता थंड होतो आणि डक्ट जिथे वळतो किंवा आडवा जातो, तिथे त्यातलं तेल पत्र्याला धरतं. खरा चिकटा तिथेच साठतो. तव्यावरचा एखादा भडका फिल्टर ओलांडून वर गेला की पेट घेतो तोही तिथेच. चालू ब्लोअर त्याला वारा पुरवत राहतो.

खालून तिथवर हात पोचत नाही. म्हणून या कामात मी सगळ्यात जास्त मोल देतो ते पत्र्यात पाडलेल्या दाराला. ब्रश नंतर. दार प्रत्येक वळणाला हवं आणि आडव्या डक्टला साधारण दर १२ फुटांवर हवं. ते कडेला किंवा वरून काढायचं. तळाला काढलं की साठलेलं तेल सांध्यातून गळतं. गॅस्केटही उष्णता सोसणारंच लावायचं.

गॅस आणि ब्लोअर मेनपासून बंद केल्याशिवाय मी दार उघडत नाही. मग दात्यांच्या पट्टीने थर मोजतो. अमेरिकेच्या एनएफपीए ९६ या मानकात २ मिलिमीटर थर झाला की सफाई करायलाच हवी असं धरलं आहे, आणि मलाही ते पटतं. वरचा ताजा चिकटा पिवळसर असतो, बोटाबरोबर ओढला जातो. त्याखालचा जुना थर डांबरासारखा काळा आणि कडक. लांब दांड्याची पत्री त्या थरात असेपर्यंत दबका आवाज येतो, पत्र्याला लागली की खणखणीत. ज्याचा कान तयार झाला, त्याला आत टॉर्च मारावा लागत नाही.

नवी पोरं आल्याआल्या कॉस्टिक ओततात. जाड थरावर ते फुकट जातं, वरचा पापुद्रा तेवढा सुटतो. आधी कोरडं खरवडायचं, मग रसायन, मग गरम पाण्याचा फवारा. शिवाय कॉस्टिक जीआय पत्र्यावरचं जस्त खातं आणि ॲल्युमिनियमचे फिल्टर तर त्यात बुडवायचेच नाहीत. तिथे सौम्य डीग्रीझरच बरा, वेळ जास्त लागला तरी.

मुंबईत २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर महापालिकेने कोळशाच्या भट्ट्या बंद करायला सांगितल्या. गॅसची भट्टी आली, आता डक्टकडे बघायला नको, असं काही जण मानतात. काजळी आणि ठिणग्या कमी होतील. पण फोडणीचं आणि तळणाचं तेल तेवढंच वर जाणार आहे.

शेवटी ब्लोअर. एकाच पात्यावर चिकटा राहिला तर पंख्याचा तोल जातो, तो थरथरतो आणि बेअरिंग खातो. सगळी पाती सारखी खरवडायची, बेल्टचा ताण बघायचा आणि पंखा सुरू करून थोडा वेळ तिथेच थांबायचं.