अंड्यांची टोपली आणि तुटलेला धागा

मंडळी, या मालिकेत आपण बहुधा लढाया, तह आणि वंशावळी पाहतो. आजचा भाग मोटारगाडीवर आहे आणि त्याला कारण माझे घर आहे.

आमची जुनी युरोपीय गाडी विकायची, एवढे गेल्या महिन्यात ठरले. तिच्या जागी पुन्हा युरोपीयच घ्यावी की जपानी, यावर घरात दोन तट पडले. आईच्या कण्याची शस्त्रक्रिया झाली आहे. तपासणीसाठी तिला दर महिन्याला साताऱ्याहून पुण्याला जावे लागते, आणि जुन्या गाडीत तिला खड्डा जाणवत नसे. बाबांच्या मनातून मात्र परतीची ती पावसाळी रात्र जात नव्हती. खंबाटकीच्या घाटात तीच गाडी बंद पडली, आई मागच्या आसनावर तीन तास अवघडून बसली आणि पुढे एका सुट्या भागासाठी गाडी बावीस दिवस गॅरेजात उभी राहिली. दोघांचेही म्हणणे खरे होते. अशा वेळी इतिहासाची आवड असलेला माणूस निर्णय घेत नाही, तो काळात मागे जाऊ लागतो. मीही गेलो.

गाडीतला आराम म्हणजे श्रीमंती, असा आपला समज असतो. फ्रान्समध्ये मात्र त्याची एक वाट थेट शेतातून आली आहे. १९३०च्या दशकात सित्रोएन कंपनीचे प्रमुख पिएर-ज्यूल बुलांजे यांनी आपल्या अभियंत्यांपुढे एक मागणी ठेवली: दोन शेतकरी आणि पन्नास किलो बटाटे घेऊन ताशी ६० किलोमीटरने जाईल अशी स्वस्त गाडी हवी, आणि नांगरलेल्या शेतातून नेली तरी तिच्यातील टोपलीतले एकही अंडे फुटता कामा नये. मग युद्ध आले. चाचणीच्या गाड्या जर्मनांच्या हाती लागू नयेत म्हणून लपवून ठेवाव्या लागल्या. अखेर १९४८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात ही टू-सीव्ही लोकांसमोर आली.

त्याच कंपनीने १९५५ साली डीएस आणली. तिला नेहमीच्या स्प्रिंगा नव्हत्या. प्रत्येक चाकापाशी धातूचा एक पोकळ गोल, त्यात दाबाखालचा नायट्रोजन आणि त्याला भिडलेले तेल. चाक उसळले की तेल वायूला दाबते, वायू दबतो आणि हळुवार फुलतो. खड्डा तिथेच जिरतो, माणसापर्यंत पोहोचत नाही. २२ ऑगस्ट १९६२ रोजी पॅरिसजवळ पती-क्लामार येथे राष्ट्राध्यक्ष द गोल यांच्या डीएसवर मारेकऱ्यांनी शंभराहून अधिक गोळ्या झाडल्या. टायर फुटले, तरी चालकाने गाडी सावरली आणि वेगाने बाहेर काढली. द गोल दाम्पत्य वाचले.

पण या नवलाची दुसरी बाजू बाबांना पटेल अशी आहे. ब्रेक, सुकाणू, गिअर हे सारे त्याच दाबाच्या तेलावर चालत असे. सुरुवातीच्या गाड्यांतले तेल हवेतील ओलावा शोषून घेई आणि आतले धातूचे भाग गंजवी. गळती लागली की एकाच दुखण्याने सारी गाडी आजारी पडे. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात वेगळ्या प्रकारचे हिरवे तेल आले आणि हे दुखणे पुष्कळ कमी झाले. तोवर बदनामी मात्र व्हायची ती झाली होती.

जपानची गोष्ट गाडीपासून सुरूच होत नाही, ती मागापासून सुरू होते. साकिची तोयोदा यांनी १९२४ साली जो स्वयंचलित माग सिद्ध केला, त्याचा धागा तुटला की तो आपोआप थांबे. एवढीच युक्ती, पण सदोष कापड पुढे विणलेच जात नसे. १९२९ साली या मागाचे हक्क इंग्लंडमधील ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सनी विकत घेतले. होय, ज्यांची यंत्रे मुंबईच्या गिरण्यांत धडधडत, तेच प्लॅट! पुढे टोयोटाच्या मोटार कारखान्यात हाच विचार दोरीच्या रूपाने आला: दोष दिसला की साध्या कामगारानेही दोरी ओढावी, आणि गरज पडल्यास सारी जुळणी थांबावी.

म्हणून विश्वासार्हता जपानी रक्तातच आहे, असे कोणी सांगू लागले तर त्याला क्राउनची आठवण द्यावी. ही टोयोटा १९५७ साली अमेरिकेत गेली. मायदेशच्या खडबडीत, संथ रस्त्यांसाठी ती भक्कम होती. अमेरिकेच्या भरधाव महामार्गांवर मात्र तिचे इंजिन तापू लागले, अंग थरथरू लागले. १९६० संपता संपता तिची निर्यात थांबवावी लागली. मला हे अपयश डीएसच्या वैभवाहून अधिक मोलाचे वाटते. १९६६ साली आलेली कोरोला याच कंपनीची. तिच्या मागच्या बाजूस आपल्याकडच्या ट्रकसारखे साधे कमानपाटे होते. डीएसमधून उतरून तिच्यात बसणाऱ्याला रस्त्याचा प्रत्येक दगड मोजता आला असता. पण कमानपाट्यात बिघडण्यासारखे असते तरी काय?

फ्रेंच अभियंता गाडीत बसलेल्या देहाचा विचार करत होता, जपानी अभियंता उद्या सकाळी ती सुरू होईल का याचा. आजच्या गाड्यांत हे अंतर पुष्कळ बुजले आहे. तरी घरातला वाद ऐकताना मला वाटले, आई बुलांजेंच्या बाजूने बोलते आहे आणि बाबा साकिचींच्या.

हे सारे मी रात्री जेवताना सांगितले. आईने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “गाडी बंद पडली तर तुझे ते नायट्रोजनचे गोळे मला घरी आणून सोडतील का?”

जपानी गाडी आली. तिचे मागचे आसन आईला कडकच वाटते. तिने पिंजाऱ्याकडून कापसाची एक जाड बैठक भरून घेतली आणि पाठीला लोड करवला. गेल्या आठवड्यात पुण्याहून परतताना शिरवळपाशी तिने तो लोड एकदा सरकवून घेतला. खंबाटकी चढताना बाबांनी सवयीने उष्णतेच्या काट्याकडे पाहिले, मी मागे पाहिले, तर आई झोपली होती.